ओढण्याचा एचपी कुठल्याच मोटारीला नसतो

एप्रिल लागला की जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागांतून एकच सल्ला फिरू लागतो. विहिरीचे पाणी खाली गेले, मोटार मधेच पाणी सोडू लागली, पंपात खडी पडल्यासारखा आवाज येऊ लागला, की कोणीतरी सांगतो, ‘पाच एचपी कमी पडतेय. साडेसात बसवा, ती खालून ओढील.’ सांगणारा कधी वाइंडिंगवाला असतो, कधी दुकानदार, कधी शेजारचा बागायतदार. हेतू कोणाचाच वाईट नसतो. पण हा सल्ला मुळापासून चुकीचा आहे. आंबे बहार धरलेल्या बागेत फळगळ सुरू झालेली असताना, हातात दोन पाळ्यांपुरतेच पाणी उरलेल्या माणसाला तो फार महागात पडतो. म्हणून त्याचा प्रतिवाद नीट, आकड्यांनिशी करायला हवा.

पहिली गोष्ट अशी, की सेंट्रिफ्यूगल पंप पाणी ओढतच नाही. त्याचा पंखा फिरतो, आतले पाणी बाहेर फेकतो आणि पंख्याच्या तोंडाशी दाब कमी होतो. एवढेच त्याचे काम. विहिरीतले पाणी सक्शन पाइपातून वर चढते ते बाहेरच्या हवेने पाण्याच्या पृष्ठभागावर दिलेल्या दाबामुळे. वर ढकलणारी हवा आहे, आणि हवेचा दाब मोटारीच्या एचपीवर ठरत नाही. मोटार पाचची असो, साडेसातची असो की पन्नासची, विहिरीवरची हवा तीच राहते.

हे काही नवे ज्ञान नाही. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की ओढपंपाने पाणी ठरावीक उंचीच्या वर चढत नाही. कारण मात्र त्याला सापडले नव्हते. पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटत असावा, असे त्याला वाटले. त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ मध्ये पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले की स्तंभ पेलणारी हवा असते. १६४८ साली पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए हीच नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर चढला, आणि वर पारा खाली उतरलेला दिसला. उंचावर हवेचा दाब कमी असतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

जालन्याला हा डोंगरावरचा धडा थेट लागू पडतो. समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. जालना शहर समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटर उंचीवर आहे. इथे तो आकडा साधारण ९.७ मीटर भरतो. म्हणजे कोकणातल्या विहिरीवर चालणारा पंप जसाच्या तसा भोकरदनला आणला, तर त्याचा अर्ध्या मीटरहून अधिक दाब वाटेतच गेलेला असतो. पंपाच्या माहितीपत्रकातले सक्शनचे आकडे बहुतेक समुद्रसपाटी आणि थंड पाणी धरून छापलेले असतात, हे विकणाऱ्याने सांगितले नाही तर घेणाऱ्याला कळणार कुठून?

आता या ९.७ मीटरचा जमाखर्च मांडू. जमेच्या बाजूला एवढी एकच रक्कम आहे आणि ती कोणालाही वाढवून मिळत नाही. खर्चाची पहिली बाब पाण्याची स्वतःची वाफ. पाणी ३२ अंशांवर असेल तर त्याच्या बाष्पदाबापोटी सुमारे अर्धा मीटर जातो. दुसरी बाब पाण्यापासून पंपापर्यंतची सरळ उंची. ती ६ मीटर धरू. तिसरी बाब घर्षण. तीन इंची, म्हणजे ८० मिलिमीटरचा १० मीटर लांब सक्शन पाइप, साधा फूट व्हॉल्व्ह आणि एक बेंड यांतून सेकंदाला १० लिटर पाणी जात असेल, तर घर्षणात सुमारे १ मीटर जातो. हाती उरतात २.२ मीटर. उरलेल्या या रकमेला अभियंते उपलब्ध एनपीएसएच म्हणतात. पंपाला स्वतःला पंख्याच्या तोंडाशी जेवढा दाब लागतो तो गरजेचा एनपीएसएच. शेतातल्या मोनोब्लॉकला तो बहुधा २ ते ३ मीटर लागतो. म्हणजे हे गणित इथेच कडेवर आले आहे.

त्याच ठिकाणी, पैसे वाचवायचे म्हणून, अडीच इंची पाइप घातला तर? व्यास कमी झाला की घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या हिशेबाने वाढते. ८० मिलिमीटरचा पाइप ६५ चा केला तर सरळ पाइपातले घर्षण जवळपास पावणेतीन पट होते. फूट व्हॉल्व्ह आणि बेंड धरून एकूण नुकसान अडीच मीटरच्या पुढे जाते आणि हाती उरतो कसाबसा अर्धा-पाऊण मीटर. एवढ्यावर कुठलाच मोनोब्लॉक नीट चालत नाही. गावोगाव मात्र तीन इंची तोंडाच्या पंपाला रिड्युसर लावून अडीच इंची सक्शन जोडलेले दिसते. मग पंपाला शिव्या बसतात.

आणि साडेसातचा सल्ला नेमका इथे मोडतो. मोठा पंप जास्त पाणी फेकतो. प्रवाह सेकंदाला १० लिटरवरून १४ लिटर झाला की त्याच पाइपातले घर्षण दुप्पट होते, कारण ते प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १ मीटरचे २ मीटर झाले, हाती २.२ ऐवजी १.२ मीटर राहिले. शिवाय जास्त प्रवाहाच्या पंपाला स्वतःलाच तोंडाशी जास्त दाब लागतो. म्हणजे जमा तेवढीच, खर्च वाढला आणि मागणीही वाढली. पाच एचपी कुरकुरत का होईना चालत होती. साडेसात पहिल्या दिवसापासून खडखडते. शेतकऱ्याला वाटते, विहीरच आटली. पाणी विहिरीत असते. ते पंख्यापर्यंत पोचण्याआधीच उकळलेले असते.

उकळलेले हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. तापमान न वाढवताही, दाब पुरेसा घटला की पाणी उकळते. पंख्याच्या तोंडाशी दाब बाष्पदाबाच्या खाली गेला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुढच्याच क्षणी पंख्याच्या पात्यांमधल्या वाढत्या दाबात शिरून ते फुटतात. फुटतात म्हणजे आतल्या आत कोसळतात. भोवतालचे पाणी त्या पोकळीत सगळ्या बाजूंनी धावून येते आणि धातूच्या पृष्ठभागाजवळ त्याची बारीक पिचकारी धातूवर आदळते. तिथला क्षणिक दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पटींनी असतो. हेच कॅव्हिटेशन. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात वेगवान युद्धनौकांचे पंखे अपेक्षित वेग देईनात, तेव्हा थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी या प्रकाराचा छडा लावला. पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या नौकेलाही त्याच सुमारास हाच त्रास झाला. १९१७ साली लॉर्ड रॅले यांनी कोसळणाऱ्या बुडबुड्याचे गणित मांडले. ज्या प्रश्नावर आरमारांनी डोके खाजवले तोच प्रश्न मंठ्याच्या किंवा परतूरच्या विहिरीवर ‘मोटारीत हवा धरली’ या एका वाक्यात गुंडाळला जातो.

इथे हमखास एक आक्षेप येतो. पंखा खराब होतो तो गाळाने, वाळूने, खाऱ्या पाण्याने. बुडबुड्याने लोखंड खाल्ले असे कधी होते का? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि काही विहिरींत वाळू पंखा झिजवते हेही खरे. पण दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या कोणालाही डोळ्यांनी पाहता येतात. दुरुस्तीला आलेला पंप उघडून पंखा पुसून उजेडात धरावा. वाळूने झिजलेला पंखा गुळगुळीत, चकचकीत असतो. झीज मुख्यतः बाहेरच्या कडेला, जिथे पाण्याचा वेग सर्वांत जास्त. बुडबुड्यांनी खाल्लेला पंखा तोंडाकडच्या बाजूला, पाते जिथून सुरू होते त्याच्या मागच्या अंगाला खाल्लेला असतो. तिथे बारीक, खोल, धारदार कडांचे खड्डे शेजारीशेजारी पडलेले दिसतात. बोट फिरवले तर कातडी खरचटते, आणि धातू काळपट, खरखरीत लागतो. बाहेरची कड मात्र नव्यासारखी असू शकते. वाइंडिंगवाल्याच्या दुकानात कोपऱ्यात पडलेल्या जुन्या पंख्यांच्या ढिगात या दोन जाती वेगवेगळ्या काढता येतात. हे पाहायला दहा मिनिटे लागतात. न पाहता नवा पंखा घातला तर पुढच्या हंगामात तोही ढिगात येतो.

हवा धरण्याचा प्रकारही वेगळा ओळखायला हवा. सक्शनच्या जोडातून किंवा ग्लँडमधून बाहेरची हवा आत येत असेल तर पंप पाणी सोडतो आणि डिलिव्हरीत पांढरट, फेसाळ पाणी येते. थोडी हवा आत गेली की कॅव्हिटेशनचा खडखडाट कमीही होतो, कारण हवेची गादी बुडबुड्यांचा आघात मऊ करते. म्हणून काही जण मुद्दाम सक्शनला बारीक भोक ठेवतात आणि आवाज बंद झाला म्हणून समाधान मानतात. आवाज बंद होतो, पाणीही कमी होते आणि वीज तेवढीच जळते.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा आहे. आजोबांच्या काळी साठ फुटांवरून पाणी निघायचे, मग आज मोटारीला वीस फूट का जड जातात? निघायचे ते मोटेने. मोट पाण्यात बुडवून भरली जायची आणि बैल ती उचलून वर आणायचे. त्यात हवेच्या दाबाचा संबंधच नव्हता. बैलजोडीत दम असेल तर आणखी खोलवरूनही निघाले असते. पंपाचेही तसेच आहे: पंख्याच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला, तो पाणी पन्नास मीटर, शंभर मीटर वर फेकू शकतो, आणि तिथे एचपी खरोखर कामाचा असतो. पंख्याच्या मागे मात्र त्याची सत्ता शून्य. दोन्ही बाजूंना एकच एचपी लागू पडतो असे मानणे, हेच या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो शेतकऱ्याचाच आहे. पंप पाण्याजवळ खाली उतरवा, असे सांगणे सोपे. पण दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदलेली विहीर बारा-पंधरा मीटर खोल, आत टप्पा अरुंद, आणि जूनमध्ये एका रात्रीच्या पावसात पाणी टप्प्यावर चढून मोटार बुडाली तर भरून आणण्याचा खर्च कोण देणार? हा आक्षेप खोडून काढायचा नाही, मान्यच करायचा आहे. म्हणूनच उपाय विहिरीच्या मानाने हवा. लोखंडी गर्डरवर, चेन-पुलीने वरखाली करता येईल अशी बैठक, पावसाच्या आधी वर घ्यायची शिस्त, आणि ती जमणार नसेल तर ओपनवेल सबमर्सिबल. पाण्यात बुडालेल्या पंपाला सक्शनची उंचीच नसते. उलट डोक्यावरचे पाणी त्याला दाब पुरवते. पण ‘सबमर्सिबल आले, आता सक्शनचा प्रश्न संपला’ हेही अर्धसत्य. बोअरमधले पाणी उपसताना पातळी पंपाच्या तोंडापर्यंत आली की तिथेही हाच खडखडाट सुरू होतो, आणि तो शंभर मीटर खाली असल्याने कोणाला ऐकूही येत नाही. त्यात ऑटो स्विच लावलेला, रात्रीची लाइट आलेली आणि शेतकरी घरी झोपलेला. मग सकाळी मोटार जळालेली सापडते आणि दोष व्होल्टेजच्या माथी जातो. कमी व्होल्टेजने मोटार जळते हे खरे, पण त्याने कॅव्हिटेशन होत नाही. वेग घटला की पंपाची तोंडाकडची गरजही घटते.

कडवंचीसारख्या गावात हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. जालना तालुक्यातले हे गाव पाणलोटाच्या कामासाठी, द्राक्षबागांसाठी आणि शेततळ्यांसाठी महाराष्ट्राला माहीत आहे. शेततळ्यात पंप बांधावर बसतो. तळे ६ मीटर खोल आणि उतार दीडास एक असेल तर तळापर्यंतचा पाइप उतारावरून जवळपास ११ मीटर लांब होतो. बांधाची रुंदी वेगळी. जानेवारीत तळे भरलेले असताना सक्शन एक-दीड मीटरचे असते आणि पंप बिनतक्रार चालतो. तोच पंप, तोच पाइप मे महिन्यात पाच मीटर खालचे पाणी घेतो. ते उन्हाने तापलेले, शेवाळाने जाळी अर्धी बुजलेली, आणि जुना होज उन्हात मऊ पडून आतून दबलेला. प्रत्येक गोष्ट थोडा थोडा दाब खाते आणि एके दिवशी पंप बंद पडतो. तिथे गावच्या वेल्डरकडून चार पिंपांचा तराफा करून पंप पाण्यावर तरंगता ठेवला तर सक्शन वर्षभर अर्ध्या मीटरचे राहते. ठिबकला लागणारा दाब डिलिव्हरीच्या बाजूचा आहे. तो लांब लवचिक पाइपातूनही मिळतो.

गरम पाण्याचा मुद्दा शेतापेक्षा जालन्याच्या एमआयडीसीत जास्त बोचतो. इथल्या स्टील कारखान्यांत टीएमटी सळई लाल तप्त अवस्थेत पाण्याच्या जोरदार माऱ्यातून काढतात आणि तेच पाणी हौदातून फिरून पुन्हा पंपाकडे येते. ३० अंशांचे पाणी ५० अंशांवर गेले की बाष्पदाबापोटी आणखी ८४ सेंटीमीटर दाब खर्ची पडतो. उन्हाळ्यात कूलिंग टॉवर कमी पडला की पंपाची तक्रार सुरू होते आणि तिथेही पहिला विचार मोठ्या पंपाचा होतो. हौदाची पातळी पंपाच्या तोंडाच्या वर ठेवणे, किंवा पंपच हौदाच्या तळाच्या पातळीला खड्ड्यात बसवणे, हा उपाय जुना आणि खात्रीचा आहे.

ज्यांना हे कळते ते स्वतःच्या कामात तसेच करतात. मोठ्या नळयोजनांचे अभियंते धरणात जॅकवेल बांधतात, त्यात उभे टर्बाइन पंप सोडतात. पंखे पाण्याखाली, मोटारी वर. पाणी ओढायच्या भरवशावर शहराची तहान ठेवत नाहीत. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र हे शहाणपण येत नाही. त्याच्या वाट्याला एचपीचा आकडा येतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपी असा हिशेब आहे. कमी क्षमतेचा पंप मागण्याची मुभा आहे, ही चांगली गोष्ट. पण जमीन किती हे पाण्याची खोली सांगत नाही. दोन एकरांचा मालक पंधरा मीटर खोल विहिरीवर असू शकतो आणि सात एकरांचा दुधनेच्या काठावर. शिवाय सौर पंपाचा वेग उन्हाबरोबर वाढतो. भर दुपारी प्रवाह सर्वांत जास्त, म्हणजे तोंडाकडची गरजही सर्वांत जास्त. सकाळी नऊला चाचणी घेऊन सही केलेला जमिनीवरचा पंप दुपारी एकला खडखडू शकतो.

विक्रेत्यांचा बचाव ठरलेला असतो: पंपाला ३ मीटर एनपीएसएच लागतो, तुमच्याकडे ३ आहे, मग अडचण काय? अडचण अशी की गरजेचा हा आकडा चाचणीत पंपाचा हेड ३ टक्क्यांनी घसरतो त्या बिंदूवर मोजलेला असतो. म्हणजे तिथे बुडबुडे तयार होऊन कधीचेच फुटू लागलेले असतात. निदान अर्धा ते एक मीटर जास्तीचा हातात नसेल, तर कागदावर बसणाऱ्या पंपाचा पंखा विहिरीवर खाल्लाच जातो.

खर्चाच्या बाजूने काय करता येते, हेही भारतात जुन्याच काळापासून माहीत आहे. गुजरातेत एस. एम. पटेल यांनी शेतीपंपांवर काम करून दाखवले होते की कमी अडथळ्याचा फूट व्हॉल्व्ह आणि मोठ्या व्यासाचा पाइप एवढ्या बदलानेही वीज वाचते. शेतीपंपांच्या फूट व्हॉल्व्हसाठी आयएस १०८०५ हे भारतीय मानकही आहे. ते पाळणारा व्हॉल्व्ह साध्या व्हॉल्व्हपेक्षा थोडा महाग असतो. नवी साडेसातची मोटार मात्र त्याच्या कितीतरी पटीने महाग असते, आणि दुकानात तीच पुढे केली जाते.

तपासायला फार सामान लागत नाही. सक्शनच्या तोंडाशी एक व्हॅक्यूम गेज बसवावा. जालन्याच्या उंचीवर पूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याचे साधारण ७१६ मिलिमीटर. पंप चालू असताना काटा ५०० च्या आसपास असेल तर बरे. ६०० च्या पुढे गेला तर पंख्याकडे सव्वा मीटरच दाब उरला आहे, मग मोटार कितीही एचपीची असो. असे दिसले की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा थोडा दाबत जावे. व्हॉल्व्ह दाबला की मोटार लोड घेते, हा आणखी एक गैरसमज. सेंट्रिफ्यूगल पंपाचा अँपिअर व्हॉल्व्ह दाबल्यावर उतरतो. स्टार्टरवरच्या अ‍ॅमीटरवर ते दिसते. खडखडाट थांबला तर कॅव्हिटेशन होते हे पक्के. सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व्ह मात्र कधीही दाबू नये. तो दाबणे म्हणजे उरलासुरला दाबही घालवणे.

आणि मागणी कोणाकडे करायची, तर दोघांकडे. दुकानदाराकडे पंपासोबत त्याचा वक्र छापलेला कागद मागावा, ज्यावर प्रवाह, हेड आणि गरजेचा एनपीएसएच तिन्ही असतात. तो देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे. आणि सौर योजनेच्या अर्जात एकरांच्या रकान्याशेजारी तीन रकाने वाढवावेत: मे महिन्यातली पाण्याची खोली, पंप कुठे बसणार, आणि पाणी किती उंच न्यायचे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेने गावोगावच्या वाइंडिंगवाल्यांना एक दिवस बोलावून पंखा ओळखायला आणि गेज वाचायला शिकवले, तर जालना जिल्ह्यात पुढच्या एप्रिलमध्ये साडेसातचा सल्ला देणारे पुष्कळ कमी होतील.